छातीच्या उंचीवर

“कायंदे मॅडम, तुमची झाडं डाएटवर गेली की काय?” भागवतसर आपल्या खुर्चीतूनच ओरडले, तेव्हा मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते. ते हातातून निसटून टेबलाखाली गेलं, मी ते शोधायला वाकले आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिले. बुलढाण्यात झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या ऑफिसच्या तीन खोल्या आहेत. खालच्या मशीनची घरघर दिवसभर जमिनीतून पायात येते. टेबलाखाली ती जास्त ऐकू येते, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. वर आले तर सरांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवलेला. प्लॉट क्रमांक सत्तेचाळीस, धाडच्या बाजूचा डोंगर. आठ वर्षांपूर्वी एकतीस झाडं, मोजणीदार पूनम कायंदे. या महिन्यात एकतीस झाडं, मोजणीदार सकलैन. एकही तोडलेलं नाही, एकही पडलेलं नाही आणि एकूण एक बारीक झालेलं. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर घेराचा साग एक्क्याऐंशीवर आला होता. माणसं बारीक होतात, आजारानं होतात, काळजीनं होतात. झाड उभ्या उभ्या घेर सोडत नाही. ते वाळतं, मरतं, पण बारीक होत नाही. हे मला भागवतसरांनी सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी ते सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगितलं.

झाडांविषयी मला प्रेम वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकते. पर्यावरण दिनाला खोडाला मिठी मारून फोटो काढणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. मला झाड दिसतं ते एका रकान्यात. दर काही वर्षांनी आपल्या देशाला जगापुढे सांगावं लागतं, आमच्या जंगलात इतका कार्बन साठलाय, गेल्या खेपेपेक्षा इतका वाढलाय किंवा घटलाय. सगळ्या देशाची झाडं कोण मोजणार? म्हणून नकाशावर चौकटी आखतात, चौकटीतला एक तुकडा निवडतात, त्या तुकड्यातली झाडं आमच्यासारखी कंत्राटावरची माणसं टेप लावून मोजतात आणि त्यावरून न पाहिलेल्या जंगलाचा अंदाज बांधतात. माझ्या एका सागामागे हजारो साग उभे असतात, जे मी पाहिलेले नाहीत, दिल्लीनं पाहिलेले नाहीत, कदाचित कोणीच पाहिलेले नाहीत. आणि हा घेर कुठे घ्यायचा? छातीच्या उंचीवर. फॉर्मवर तसा रकानाच आहे, ‘छा. उं. घे.’. ऑफिसात सगळे त्याला ‘छाउंघे’ म्हणतात, एखाद्या गावाचं नाव असावं तसं. मी आठ वर्षांत तो शब्द एकदाही मोठ्यानं उच्चारलेला नाही.

सरांनी पुढचा फोटो उघडला. सकलैननं काढलेला. एका सागाला टेकवून त्याची, यंदाच ऑफिसात आलेली मोजकाठी उभी, काठीवर एक मीटर सदतीस सेंटिमीटरवर पिवळी पट्टी. आणि त्या पट्टीच्या वीतभर आणि चार बोटं खाली, खोडाभोवती गेरूचं लालभडक कडं. ताजं. असे पाच फोटो, पाच झाडं आणि पाच कडी, सगळी एका रेषेत. “कळलं का?” सर म्हणाले. “लाल कडं म्हणजे सौदा झालेली झाडं. आधी खूण करायची, साली सोलायच्या, मग हळूहळू तोडायची. अन् राखायला कोण? आपला कडूबा.” मला खरोखरच कळलं होतं, पण ते वेगळं. ते कडं कोणाच्या छातीच्या उंचीवर आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, मला आणि कडूबाला. माझी उंची एकशे पंचेचाळीस सेंटिमीटर आहे.

घट दिसणाऱ्या प्रत्येक प्लॉटला कारण द्यावं लागतं. फॉर्मवर पाच कारणं छापलेली आहेत: वणवा, कीड, तोड, स्थानिकांचा हस्तक्षेप आणि इतर. सरांनी चौथ्यावर बरोबरची खूण करून ठेवलेली होती. खाली आधीच्या मोजणीदाराची सही हवी आणि त्या मोजणीदारासह प्लॉटवर काढलेला फोटो हवा. आज चारच्या आत सगळं वर गेलं पाहिजे. त्या खुणेचा अर्थ इतकाच होता की कडूबा, जो अकरा वर्षं जंगलखात्यात बारमाही मजूर आहे, ज्याची कायम करण्याची फाइल कुठल्याशा टेबलावर सरकत सरकत आत्ता कुठे वरच्या टेबलावर गेलीय, तो घरी बसणार. वर गुन्हा दाखल होईल तो वेगळाच. आणि मी सही केली नाही, खरं सांगितलं, तर माझे आठ वर्षांचे सगळे आकडे खोटे ठरतील आणि पुढच्या महिन्यात ज्या सहा जणांना कायम करणार आहेत त्या यादीतलं माझं पहिलं नाव जाईल. “निघू या,” सर म्हणाले. “येताना धाडला भजी खाऊ.” मी ओढणी सारखी केली आणि जिना उतरले. उतरताना मनात स्वच्छ शब्दांत आलं, जाऊ दे कडूबाची नोकरी. बरं होईल.

जीपमध्ये मला मागे बसवलं, दोन टेप आणि काठीच्या सोबत. सकलैन पुढे, गुडघे डॅशबोर्डला लागतील असा. सहा फुटी पोरगा, बुलढाण्याचाच, गेल्या वर्षी लागलेला. वाईट नाही. पण त्याच्या उंचीचा मला पहिल्या दिवसापासून राग आहे. तो दारातून आत येताना मान झुकवतो आणि ती झुकवण्याची त्याला सवय आहे, एवढंसुद्धा मला पुरतं. मी शाळेत पहिल्या बाकावर बसले, कॉलेजात पहिल्या बाकावर बसले, फोटोत पुढे उकिडवी बसले. आणि पोलीस भरतीत तर धावण्याच्या रांगेपर्यंतही गेले नाही. दुसरबीडहून आम्ही नऊ मुली आलो होतो, दोन वर्षं रोज रस्त्यावर धावून. आठशे मीटर मी त्या नऊ जणींत पहिली येत असे. मैदानावर शेजारच्या रांगेत मुलांची छाती मोजत होते. न फुगवता इतकी, फुगवून इतकी. पोरं श्वास कोंडून लाल व्हायची, हवालदार टेप ओढून आकडा ओरडायचा, कारकून लिहायचा. आमच्या रांगेत नुसती उंची. एका बाई शिपायानं पट्टी डोक्यावर आपटली आणि म्हणाली, “एकशे पंचेचाळीस. हो बाजूले.” मी बाजूला झाले. धावायला लागलंच नाही. बाजूला उभी राहून मी त्या मुलांच्या छात्या पाहत होते आणि मला वाटत होतं, सरकारला छाती म्हणून जी माहीत आहे ती हीच. आमची त्यांच्या कुठल्याच रकान्यात नाही.

त्या आधीही एक छाती होती. दुसरबीडच्या स्टँडजवळ अमीनाचाचीचं शिवणाचं दुकान, शेजारी पंक्चरवाला, तिथे कायम चार बाप्ये उभे. चाची माझ्याभोवती टेप फिरवायची, तोंडात टाचण्या धरून बोलायची आणि आत बसलेल्या मुबीनाला हाक घालायची, “छाती तीस लिख!” पंक्चरवाल्याकडचे चार जण मान न वळवता ऐकायचे, हे मला पाठीतून कळायचं. मी चौदा वर्षांची होते. तीस हा आकडा मला पुढे कितीतरी दिवस रस्त्यात भेटत असे, एसटीच्या तिकिटावर, पाढ्यात, धड्याच्या पानावर. चाचीच्या मनात काही नव्हतं. तिचा टेप तिच्या हातात होता आणि ज्याच्या हातात टेप असतो त्याला लाज वाटत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. टेप आपल्या हातात हवा. म्हणून तर ही नोकरी मी उड्या मारत धरली.

“मॅडम गप काऊन?” सर पुढून म्हणाले. “अहो, तुमची काय चूक त्यात? तुम्ही मोजलं तेव्हा जाड होती, आता बारीक. मधल्या काळात कोणीतरी खाल्ली.” ते हसले. भागवतसरांचं हसू मला पाठ आहे. आठ वर्षांपूर्वी याच प्लॉटवर ते आमचं प्रशिक्षण घेत होते. त्यांच्या हातात इंग्रजी पुस्तक, आमच्या हातात त्याच्या मराठी पानांची झेरॉक्स. मराठी करताना कोणीतरी आकडा गाळला होता. इंग्रजीत लिहिलं होतं, जमिनीपासून एक मीटर सदतीस. मराठीत नुसतं, ‘छातीच्या उंचीवर घेर घ्यावा’. आम्ही सहा जण होतो, पाच बाप्ये आणि मी. त्या पाचांच्या छात्या थोड्याफार त्याच उंचीवर होत्या, त्यांना प्रश्नच पडला नाही. प्रश्न मला पडला. मी तेवीस वर्षांची होते, मला नोकरी नीट करायची होती, मी हात वर केला आणि विचारलं, “सर, छातीच्या म्हणजे कोणाच्या?” मग सर म्हणाले, “आता कोणाच्या म्हणजे... ज्याची त्याची, मॅडम,” आणि मागे टेप धरून उभा असलेला कडूबा असा हसला की त्याला खाली बसावं लागलं. डोक्याचा रुमाल काढून त्यानं डोळे पुसले. “आता बाईच्या छातीनं जंगल मोजून राह्यले बाप्पा!” तो म्हणाला, आणि मग ते पाचही हसले, आणि मग सरही. डोंगराला त्या दिवशी वारा नव्हता. ते हसणं झाडांतून कुठेच गेलं नाही, तिथेच राहिलं.

मी काय केलं? मी रडले नाही. मी त्याच्या हातातला टेप घेतला, पहिल्या सागापाशी गेले, माझ्या छातीला लावून टेप खोडाभोवती फिरवला आणि म्हणाले, “इथे. गेरू लाव इथे. आणि ही खूण मिटू देऊ नको, समजलं?” तो हसत हसतच आला आणि त्यानं बोटानं गेरू फिरवला. एकतीस झाडं. प्रत्येक झाडापाशी मी छाती टेकवली, प्रत्येक वेळी तो वाकून गेरू लावत होता आणि मी त्याच्या पांढऱ्या होत चाललेल्या टाळूकडे बघत होते. चौदाव्या झाडापर्यंत त्याचं हसू संपलं, पण माझं काही संपलं नव्हतं. ‘ज्याची त्याची’ म्हणाले होते ना? मग घ्या. नंतरची आठ वर्षं मी जिल्ह्यात आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांत दोनशे चौदा प्लॉट मोजले, सगळे माझ्या छातीच्या उंचीवर. बाकीच्या प्लॉटांवर खुणा करायला कोणी कडूबा नव्हता. नुसते आकडे वर गेले.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या वर्षी अकोल्याच्या बैठकीला दुसऱ्या एका तुकडीच्या जीपमध्ये मी ती काठी पाहिली, एक मीटर सदतीसवर पिवळी पट्टी असलेली. हे काय म्हणून विचारलं तर त्यांच्यातला एक म्हणाला, “छातीची उंची.” मी काठी सहज म्हणून अंगाजवळ उभी केली. पट्टी माझ्या कपाळावर आली, बरोबर टिकलीवर. देशाची छाती माझ्या टिकलीवर येत होती. मी काठी परत ठेवली आणि जेवायला गेले, दोन पोळ्या खाल्ल्या. खोड खाली जाड असतं, वर निमुळतं होत जातं; मी वीतभर आणि चार बोटं खाली मोजत होते, म्हणजे माझं प्रत्येक झाड खऱ्यापेक्षा जाड होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे परत तोच प्रश्न मोठ्यानं विचारायचा, त्याच माणसांपुढे. कोणाची छाती? आणि ते परत हसणार. त्यापेक्षा खोटं का होईना, एकसारखं असू दे, असं मी स्वतःला समजावलं. तेवीसपासून माझी छाती काही हलली नाही. दर वेळी तीच बाई, तीच उंची. कित्येकदा मला त्यात एक दुष्ट समाधानही वाटायचं. जगापुढे जे मोठमोठे आकडे वाचून दाखवतात त्यात बुलढाण्याच्या डोंगरांचा आकडा थोडा फुगलेला आहे आणि तो माझ्यामुळे, आणि ते कोणालाच कळणार नाही. भरतीच्या रांगेतल्या त्या पोरांसारखी मीही श्वास कोंडून छाती फुगवली होती म्हणा ना.

जीप डांबरी सोडून पाऊलवाटेला लागली आणि मग चढणीपाशी थांबली. गवत कमरेइतकं वाढलेलं, माझ्या तर छातीइतकं. कडूबा वर वाट पाहत उभा होता. म्हातारा झाला होता. रुमाल तोच असावा. त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता आणि डब्यात गेरू, चिंधीसकट, म्हणजे चोर मुद्देमालासकट हजर. मला त्याच्या मूर्खपणाचा असा संताप आला की मी त्याच्या रामरामला उत्तरही दिलं नाही. प्लॉटमध्ये शिरलो. एकतीस लाल कडी. मी त्यांच्याकडे न बघता खाली बघत उभी राहिले. सरांनी घसा साफ केला.

“हे लाल कोणी मारलं बे?”

“म्याच मारलं साहेब.” त्याला काही वाटलं नाही. उलट जरा पुढे आला. “दरसाल मारतो. पोळ्याले बैल रंगवून गेरू उरते, पाऊस उघडला का मारतो. पावसानं धुऊन जाते ना.”

“कोणी सांगतलं तुले?”

“या मॅडमनं. खूण मिटू देऊ नको म्हणून सांगून गेल्या व्हत्या. आठ वर्सं झाले. एकबी मिटू देली नाही.”

आठ वर्षं. मी त्याला ते रागानं सांगितलं होतं, त्याचा माज उतरवायला, आणि ते मी जीपमध्ये बसण्याआधीच विसरले होते. हा माणूस दर वर्षी पोळ्याचा गेरू जपून ठेवत होता, डोंगर चढत होता आणि माझ्या रागावर चिंधी फिरवत होता. मला त्याची कीव आली नाही. मला आणखीच राग आला. तो हसला नसता तर बरं झालं असतं, आणि हसलाच होता तर असा असायला नको होता. एका माणसाचा नीट द्वेष करायची सोयसुद्धा त्यानं ठेवली नव्हती.

सर माझ्याकडे वळले. त्यांनी कड्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे, मग परत कड्याकडे. एकदम माझ्या लक्षात आलं, त्यांना कळलंय. आत्ता नाही, सकाळीच कळलं असेल, फोटो बघताना. ‘ज्याची त्याची’ हे त्यांचे शब्द होते आणि ते त्यांना आठवले होते. “मॅडम,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “मोजणीची खूण तर एक सदतीसवर असते. ही खूण तुमची नसणार. बरोबर ना?” दार त्यांनी उघडून धरलं होतं, मला नुसतं आत जायचं होतं. बरोबर, एवढा एक शब्द. मग त्यांनी कडूबाकडे पाहून आवाज चढवला. “मॅडमनं खूण सांगतली असंल, पण इथं सांगतली का? काही माप सांगतलं व्हतं? नेमकं कुठं मार म्हणल्या व्हत्या?”

“तिथंच,” कडूबा म्हणाला.

“तिथंच म्हणजे कुठं?”

“तिथंच साहेब. मॅडमनं दाखवलं तिथं.”

“काय दाखवलं? बोल ना सरळ. तुही नोकरी चालली बे, समजून राह्यलं का?”

त्याला समजत होतं. त्याचे हात डब्याच्या कडेवर फिरायला लागले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं नजर खाली घेतली, गवताकडे. “बाईमाणसाचं कसं बोलू साहेब,” तो म्हणाला. जो शब्द आठ वर्षांपूर्वी या डोंगरावर त्यानं ओरडून हवेत फेकला होता, तो आता त्याच्या तोंडून निघेना. नोकरी जाईल तरी निघेना. सकलैन काठी धरून उभा होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. मी उभी होते. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात मी आठ वर्षांत तरबेज झाले होते. कडूबाची फाइल बंद झाली असती, चारच्या आत फॉर्म गेला असता, मी धाडला भजी खाल्ली असती. पण मग पुढे कधीही कुठल्याही जंगलात टेप उघडताना मला हा म्हातारा दिसला असता, माझी लाज राखायला स्वतःची भाकर घालवणारा. माझी लाज यानं राखावी? यानं? ते मला सहन होईना. त्याचे उपकार माझ्यावर राहतील या विचारानं मला किळस आली. हे चांगुलपण नव्हतं, खरंच नव्हतं. मला कोणाचीच दया नको होती, त्याची तर नकोच.

मी ओढणी काढून टेपच्या पिशवीवर टाकली आणि पहिल्या सागापाशी गेले. खोडाला समोरून चिकटून उभी राहिले. साल खरखरीत होती आणि उन्हानं तापलेली. कडं बरोबर लागलं, बोटाचंही अंतर नाही.

“छाती,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. “तुम्ही तेव्हा म्हणालात ना सर, ज्याची त्याची. ही माझी. इथे मोजलंय मी. झाडं बारीक झालेली नाहीत, मीच जाड मोजली होती. सकलैन, काठी आण इकडे. माझ्या बाजूला उभी कर.”

सकलैन आला. काठी उभी केली तशी पिवळी पट्टी टिकलीच्या रेषेत आली. त्यानं पट्टीकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं आणि मग तो एक पाऊल मागे सरकला. त्याला आकडा जुळलेला दिसत होता. “फोटो काढ,” मी म्हणाले. “फॉर्मला लागतो ना, आधीच्या मोजणीदारासह? असाच काढ.”

“मॅडम, असा?”

“असाच. काठी दिसली पाहिजे, कडं दिसलं पाहिजे आणि मी दिसले पाहिजे.”

त्यानं फोटो काढला. सर खाली गवतात काहीतरी हरवल्यासारखे बघत होते. “मॅडम, विचार करा,” ते म्हणाले. “असे किती निघतील?” दोनशे चौदा, मी म्हणाले. तो आकडा मला कुठे बघावा लागला नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. मी त्यांच्या हातातून फॉर्म घेतला, चौथ्या कारणावरची खूण खोडली, पाचव्या ‘इतर’वर केली आणि पुढच्या मोकळ्या जागेत लिहिलं: मोजणारी बाई बुटकी होती. सूचनेत आकडा दिलेला नव्हता. विचारल्यावर सांगितला नाही. खाली सही केली, संपूर्ण नाव, पूनम कायंदे, दुसरबीड. त्यांना हसायचं असेल तर हसावं म्हणून मी वाट पाहत उभी राहिले. कोणीच हसलं नाही. मला ते खटकलंच. आठ वर्षं मी ज्या हसण्याला घाबरून होते ते एव्हाना शिल्लकच नव्हतं आणि मला कोणी कळवलं नव्हतं.

“मंग हे सारं चुकलंच व्हतं का मॅडम?” कडूबानं विचारलं. “आठ वर्सं?”

“हो.”

“मंग आता खूण कुठं मारू?”

मी काठीकडे बोट दाखवलं. त्यानं डब्यात चिंधी बुडवली आणि पिवळ्या पट्टीच्या रेषेत नवं कडं ओढायला लागला, पंजांवर उंच होऊन, जीभ बाहेर काढून. आभार वगैरे त्यानं मानले नाहीत आणि मलाही तो अजून आवडत नव्हता. एकतीस झाडं व्हायला त्याला तास लागणार होता. आम्ही थांबलो नाही.

परतताना जीपमध्ये सर बाहेर बघत होते. पुढच्या महिन्याच्या यादीतून माझं नाव त्यांच्या डोक्यात कधीच निघून गेलं असणार, आणि सोबत आपली खुर्चीही जाईल की काय याचा ते विचार करत असणार. दोनशे चौदा प्लॉट म्हणजे दोनशे चौदा खुलासे. करू देत. धाडला बाजाराचा दिवस होता, जीप माणसांत अडकली. सर भज्यांचं काही बोलले नाहीत, म्हणून मीच उतरले. उतरताना खाली पाहिलं. पांढऱ्या कुर्त्यावर छातीवर आडवी लाल पट्टी उठली होती, गेरूची, या बगलेपासून त्या बगलेपर्यंत. “मॅडम, ओढणी,” सकलैन हळूच म्हणाला आणि खिडकीतून पुढे केली. मी ती घेतली, घडी केली, पिशवीत ठेवली आणि बाजारातून चालत चहाच्या गाडीपर्यंत गेले. गाडीवरची बाई कप विसळत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, हात तसाच थांबला.

“मॅडम, काय लागलं वं कपड्याले तुमच्या?”

“माप आहे ते,” मी म्हणाले. “एक चहा दे.”